सातारा व सांगली येथील जुने रस्ते: त्यांची पुनर्रचना आणि कागदपत्रांची साक्ष

इतिहाससंशोधकांचें लक्ष आजवर किल्ले, वाडे, देवळें आणि दफ्तरें यांकडे जितकें गेलें, तितकें शहरांतील रस्त्यांकडे गेलेलें नाहीं. वाडा पडला तर निदान त्याचें छायाचित्र निघतें. पण रस्ता खणला गेला, रुंद झाला अगर उंच झाला, तर त्याच्या पूर्वरूपाचें टिपण सहसा कोणी ठेवीत नाहीं. वस्तुतः घरें तीन-चार पिढ्यांत बदलतात, रस्त्याची रेषा मात्र शतकानुशतकें टिकून राहते. सातारा व सांगली या दोन राजधान्यांच्या उदाहरणांवरून हा मुद्दा येथें मांडावयाचा आहे. आणि रस्त्यांची पुनर्रचना योजणाऱ्यांस जुन्या कागदांचा उपयोग कोणता, हेंहि दाखवावयाचें आहे.

दोन्ही नांवांविषयीं लोकांत संख्येवर बसविलेल्या व्युत्पत्ति प्रचलित आहेत. किल्ल्याचे तट, बुरूज व दरवाजे मिळून सतरा, म्हणून सातारा. आणि सहा गल्ल्यांची वस्ती, म्हणून सांगली. या व्युत्पत्तींस प्रमाण मानतां येत नाहीं. तथापि दुसरींतून एक गोष्ट कळते: गांवाची ओळख त्याच्या गल्ल्यांवरून करून घ्यावी, असें लोकांस स्वाभाविक वाटलें.

प्रथम साताऱ्याचा विचार करूं. शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास १७०८ सालीं झाला, व त्यांच्या कारकीर्दींत किल्ल्याच्या उत्तर पायथ्याशीं शहर वसत गेलें. दक्षिणेस अजिंक्यतारा, पश्चिमेस यवतेश्वराचा डोंगर आणि उत्तरेस वेण्णा नदी. म्हणजे जमिनीचा उतार मुख्यतः दक्षिणोत्तर. शहराचे दोन प्रमुख रस्ते मात्र पूर्व-पश्चिम, डोंगरास धरून, बहुतांशीं समांतर जातात. आज त्यांस राजपथ व कर्मवीर पथ म्हणतात. पण लोकांच्या तोंडीं ‘वरचा रस्ता’ व ‘खालचा रस्ता’ हींच नांवें अजून आहेत. हीं नांवेंच शहराच्या रचनेचें सूत्र सांगतात. गाड्या व मिरवणुकी यांस चढ लागूं नये म्हणून मोठा रस्ता डोंगराच्या कडेनें आडवा. उतार आणि पावसाचें पाणी यांचा भार उभ्या बोळांवर. मंगळवार तळें, मोती तळें, फुटकें तळें हीं ठिकाणें याच उताराच्या हिशेबांत पाहिलीं पाहिजेत. उभ्या बोळाची मोरी बुजली कीं पाणी आडव्या रस्त्यावर येऊन तुंबतें, यांत नवल कांहींच नाहीं.

प्रतापसिंह महाराजांस १८१९ च्या तहानें राज्य मिळालें व १८३९ सालीं त्यांस पदच्युत करण्यांत आलें. या वीस वर्षांत शहरांत रुंद रस्ते व पाण्याची सोय करण्याकडे त्यांनीं विशेष लक्ष दिलें. प्रतापगंज पेठेचें नांव त्यांचेंच स्मरण देतें. आप्पासाहेब महाराज १८४८ सालीं वारले, राज्य खालसा झालें, आणि १८५३ सालीं नगरपालिका स्थापन झाली. म्हणजे अवघ्या पांच वर्षांत रस्त्याचा मालक बदलला. संशोधकास याचा अर्थ असा कीं, जुन्या रस्त्यांची माहिती राजदफ्तरांत आणि नंतरची नगरपालिकेच्या ठरावांत शोधावी लागते. एकाच दफ्तरावर भिस्त ठेवून चालत नाहीं. त्यांतहि साताऱ्याचे कागद साताऱ्यांतच आहेत असें नाहीं. रावबहादुर पारसनीसांचा संग्रह १९३९ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला.

सांगलीची गोष्ट निराळी आहे. तेथें डोंगर नाहीं. रस्त्यांस वळण लावलें तें कृष्णेनें. सांगली हें गांव पूर्वींचेंच. परंतु मिरजेहून विभक्त होऊन चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनीं १८०१ च्या सुमारास तेथें राजधानी केली, आणि गणेशदुर्ग, गणपतीचें मंदिर व पेठ यांभोंवतीं शहर वाढलें. गांवभाग, पेठभाग व खणभाग हे जुने विभाग आजहि त्याच नांवांनीं ओळखले जातात. बाजाराच्या मुख्य रस्त्यास हरभट रस्ता म्हणतात. पटवर्धन घराण्याचे मूळ पुरुष कोतवड्याचे हरभट यांचें तें नांव. उलट नव्या वस्तींतील एका रस्त्यास ‘शंभर फुटी’ म्हणतात. एका नांवांत घराण्याचा इतिहास, दुसऱ्यांत केवळ माप! १९२९ सालीं आयर्विन पूल झाला, तेव्हां नदीपारच्या वाहतुकीचें तोंड घाटावरून पुलाकडे वळलें, व त्याबरोबर घाटाकडे जाणाऱ्या वाटांचें महत्त्व कमी झालें. आज नदीच्या पुराचें माप याच पुलाजवळ घेतात. तेथें ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांवर गेलें आणि हरभट रस्ता, मारुती रस्ता हे बाजाराचे भाग जलमय झाले.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. घरांच्या जुन्या खरेदीखतांत, गहाणखतांत व वांटणीपत्रांत चतुःसीमा लिहिण्याची वहिवाट आहे: पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस बोळ, उत्तरेस सरकारी रस्ता, दक्षिणेस मोरी. राजकारणाचा मजकूर नसल्यामुळें असे कागद संग्राहक बहुधा बाजूस ठेवतात. कै. वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दफ्तरांतून जो अमोल ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध केला, त्याचाहि रोख स्वाभाविकपणेंच मोहिमा व राजकारण यांकडे आहे. परंतु एका आळीचीं दहा-बारा खतें एकापुढें एक मांडलीं, तर रस्त्याचा नकाशा आपोआप तयार होतो. कोणता बोळ सार्वजनिक, कोणता खासगी, पागोळ्यांचें पाणी कोणाच्या अंगणांत पडावें, मोरी कोणत्या बाजूनें वाहे, हें सर्व त्यांत सांपडतें. नगरभूमापनाच्या नकाशांत बोळाची रेषा दिसते. तिचा हक्क व तिचें कारण खतांतूनच कळतें.

दुसरा पुरावा जागेवरच असतो. जुन्या घराच्या ओट्यास किती पायऱ्या होत्या व आज किती दिसतात, हें पाहावें. जुना थर न उकरतां त्यावर नवा थर घातला म्हणजे रस्ता चढतो, पायऱ्या बुडतात, आणि अखेर रस्त्याचें पाणी घरांत शिरतें. गाडलेली पायरी ही गाडलेल्या शिलालेखाइतकीच वाचनीय आहे.

मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा १९१५ सालीं झाला. त्याच सुमारास पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश पंडित हिंदुस्थानांतील शहरें पाहत होता. पुढें तो मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा पहिला अध्यापक झाला. जुन्या वस्तींतून सरळ रेषेचा रस्ता कापण्यापूर्वीं घरन्‌घर पाहावें, आणि जेथें थोडक्या पाडापाडीनें भागेल तेथें अधिक करूं नये, असें त्याचें प्रतिपादन होतें. तें आजहि ग्राह्य वाटतें. रुंदीकरणास आमचा विरोध नाहीं. रुंद रस्त्याची आवड प्रतापसिंह महाराजांसहि होतीच. साताऱ्यास पोवई नाक्यावर २०२१ सालीं भुयारी मार्ग खुले झाले, तेहि वाहतुकीच्या गरजेनेंच. आक्षेप आहे तो न पाहतां खणण्यास. उतार, मोरी व बोळ यांची परीक्षा करून मगच रस्त्याची रुंदी ठरवावी, हा क्रम साताऱ्याचा डोंगर व सांगलीची नदी दोघेहि शिकवितात.

म्हणून संग्राहकांस विनंति आहे कीं, आपल्या रुमालांतील घरखतें टाकाऊ समजूं नयेत. प्रत्येक खताची तारीख, पेठ व चतुःसीमा एवढें तरी उतरून ठेवावें. रस्त्याचें काम निघतांच ओट्यांची उंची व मोऱ्यांची दिशा मोजावी. आणि ती यादी नगरपालिकेच्या वा महानगरपालिकेच्या अभियंत्याच्या हातीं वेळेवर द्यावी. काम झाल्यावर हीच यादी केवळ इतिहास उरेल. कामापूर्वीं दिली तर ती एखाद्या घरांत शिरणारें पाणी थांबवील.