फेअरनेस डॉक्ट्रिन

फेअरनेस डॉक्ट्रिन अर्थात समतोल प्रसारणाचे तत्त्व हे अमेरिकेतील रेडिओ व दूरचित्रवाणी केंद्रांना १९४९ ते १९८७ या काळात लागू असलेले धोरण होते. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या शासकीय आयोगाने ते घालून दिले होते.

पार्श्वभूमी

प्रसारणासाठी उपलब्ध वारंवारिता मर्यादित असतात. एकाच वारंवारितेवर दोन केंद्रे बोलू लागल्यास श्रोत्याला कोणतेच नीट ऐकू येत नाही. म्हणून केंद्र चालविण्यास शासकीय परवाना आवश्यक ठरला. १९३४ च्या कायद्याने हे काम आयोगाकडे सोपविले. १९४१ च्या मेफ्लॉवर निर्णयात आयोगाने केंद्रचालकांना स्वतःची मते प्रसारित करण्यास मनाई केली. १९४९ मध्ये ही मनाई उठली व तिच्या जागी समतोलाचे बंधन आले.

स्वरूप

परवानाधारकावर दोन कर्तव्ये होती : सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त प्रश्नांना वेळ देणे आणि त्यांवरील भिन्न मते श्रोत्यांपर्यंत पोहोचविणे. प्रत्येक पक्षास सारखाच वेळ देण्याची सक्ती नव्हती. निवडणुकीतील उमेदवारांना समान संधी देणारा नियम वेगळा असून तो आजही लागू आहे.

न्यायालयीन निर्णय

पेन्सिल्व्हेनियातील रेड लायन येथील एका केंद्रावरून १९६४ मध्ये बिली जेम्स हारगिस या धर्मोपदेशकाने लेखक फ्रेड कुक यांच्यावर टीका केली. कुक यांना उत्तरासाठी विनामूल्य वेळ देण्यास केंद्राने नकार दिला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली. प्रसारकांच्या हक्कापेक्षा प्रेक्षक-श्रोत्यांचा हक्क श्रेष्ठ होय, असे न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी निकालात म्हटले. याउलट, वृत्तपत्रांना उमेदवाराचे उत्तर छापण्यास भाग पाडणारा फ्लोरिडा राज्याचा कायदा याच न्यायालयाने १९७४ मध्ये घटनाबाह्य ठरविला. छापील शब्दास मिळालेले संरक्षण प्रसारित शब्दास मिळाले नाही. या भेदाचा मुख्य आधार वारंवारितांची दुर्मिळता हाच होता.

टीका व समाप्ती

पुढे केंद्रांची संख्या वाढली, केबल वाहिन्या आल्या आणि हा आधार दुबळा झाला. विरोधी मतास वेळ द्यावा लागू नये म्हणून केंद्रे वादग्रस्त विषयच टाळतात, असा निष्कर्ष आयोगाने १९८५ च्या अहवालात काढला. १९८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या तत्त्वास कायद्याचे रूप देणारे विधेयक संमत केले. परंतु राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ते नकाराधिकार वापरून फेटाळले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयोगाने तत्त्वाची अंमलबजावणी थांबविली. वैयक्तिक टीकेस उत्तर देण्याच्या हक्काचा नियम २००० पर्यंत टिकला. उरलेली तरतूद २०११ मध्ये नियमावलीतून वगळण्यात आली.

मूल्यमापन

१९८८ पासून रश लिंबॉ यांचा राजकीय चर्चेचा रेडिओ कार्यक्रम देशभर ऐकला जाऊ लागला. असे एकपक्षीय कार्यक्रम हे तत्त्व रद्द झाल्यामुळे फोफावले, असे समर्थक मानतात. त्यांच्या मते मोजक्या परवानाधारकांच्या हाती माध्यम असताना श्रोत्यांच्या हिताचे रक्षण शासनाने केले पाहिजे. विरोधकांच्या मते समतोल ठरविण्याचा अधिकार शासनाकडे गेला, की शासनावरील टीकाही त्याच्या मर्जीवर अवलंबून राहते.