लेडीज सायकलच्या फ्रेमची कुळकथा

सीटपासून हँडलपर्यंत जाणारा आडवा दांडा नसला की सायकल ‘लेडीज’ ठरते. हा दांडा कारखान्यांनी स्त्रीच्या शरीराचा विचार करून काढलेला नाही. तो काढला तिच्या झग्यासाठी. फ्रेमच्या रचनेत स्त्रीच्या हातापायांची, खांद्यांची आणि वजनाची मापे यायला त्यानंतर जवळपास शंभर वर्षे जावी लागली, आणि ती आली तेव्हा काही स्त्रियांनी स्वतः गॅसची बत्ती हातात घेतली होती.

कार्ल ड्राइस याने १८१७ मध्ये जर्मनीतील मानहाइम येथे दुचाकी चालवून दाखवली. ती लाकडी होती, तिला पायडल नव्हते आणि जमिनीवर पाय रेटत ती पळवावी लागे. लंडनमधील गाड्या बनवणारा कारागीर डेनिस जॉन्सन याने तिची सुधारलेली आवृत्ती काढली आणि १८१९ मध्ये स्त्रियांसाठी वेगळा नमुना तयार केला. त्यात दोन चाकांना जोडणारा मधला भाग खाली उतरवलेला होता, म्हणजे झगा सावरत आत पाय टाकता येई. दुचाकीचे हे पहिले वेड लवकरच ओसरले आणि तो नमुनाही मागे पडला.

पुढे १८७०च्या दशकात पुढचे चाक भले मोठे असलेली उंच सायकल आली. घोळदार झगा घालून तिच्यावर चढणे जवळपास अशक्यच होते, त्यामुळे इंग्लंडमधील हौशी स्त्रिया तीनचाकीकडे वळल्या. राणी व्हिक्टोरियाने १८८१ मध्ये कॉव्हेंट्रीच्या स्टार्ली घराण्याच्या कारखान्यातून दोन तीनचाकी मागवल्या. १८८५ मध्ये त्याच घराण्यातील जॉन केम्प स्टार्ली याची ‘रोव्हर’ आली. दोन्ही चाके जवळपास सारखी, मागचे चाक साखळीने फिरणारे आणि सीट जमिनीपासून बेताच्या उंचीवर, अशी ती सायकल होती. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर काढला आणि सायकल खऱ्या अर्थाने सर्वांच्या आवाक्यात येऊ लागली. पाठोपाठ १८८९ च्या सुमारास कॉव्हेंट्रीच्या स्टार्ली बंधूंनी खास स्त्रियांसाठी ‘सायको’ नावाची सायकल विकायला काढली. तिच्यात आडवा दांडा नव्हता. अमेरिकेतही त्याच सुमारास असे नमुने निघाले. झगा चाकात किंवा साखळीत अडकू नये म्हणून मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी आणि साखळीवर झाकण आले. पुढे साडी नेसणाऱ्या भारतीय स्त्रियांनाही हीच रचना सोयीची ठरली.

या सोयीची किंमत मात्र मोठी होती. नेहमीच्या सायकलीची फ्रेम त्रिकोणांवर उभी असते. त्रिकोणात नळ्यांवर येणारा भार मुख्यतः त्यांच्या लांबीच्या दिशेने जातो, त्यामुळे बारीक नळीही तो पेलते. वरचा दांडा काढला की पुढचा त्रिकोण मोडतो. हँडलवर जोर दिला की नळ्या वाकू पाहतात, आणि चढावर उभे राहून पायडल मारताना फ्रेम पिळवटते. ते टाळण्यासाठी जाड नळ्या वापराव्या लागतात किंवा खालच्या नळीला समांतर दुसरी नळी जोडावी लागते. दोन्हींनी वजन वाढते. म्हणजे सरासरीने कमी वजनाच्या चालकाच्या वाट्याला अधिक जड आणि तरीही अधिक लवचीक सायकल आली. फ्रेंच कारागिरांनी ‘मिक्स्त’ फ्रेममध्ये यावर चांगला तोडगा काढला. त्यांनी हँडलच्या नळीपासून निघणाऱ्या दोन बारीक नळ्या सीटच्या नळीच्या दोन्ही बाजूंनी थेट मागच्या चाकाच्या आसापर्यंत नेल्या.

जड फ्रेमचा त्रास चालवणाऱ्या स्त्रियांना लगेच कळला होता. ब्रायटनची सोळा वर्षांची टेसी रेनॉल्ड्स १८९३ मध्ये लंडनला जाऊन परत आली, सुमारे १९० किलोमीटर, साडेआठ तासांत, आणि तीही पुरुषांच्या सायकलीवर. चर्चा तिच्या वेगापेक्षा तिच्या विजारीचीच अधिक झाली. बॉस्टनहून १८९४ मध्ये जगप्रवासाला निघालेली, तीन मुलांची आई असलेली अ‍ॅनी लंडनडेरी हिची लेडीज सायकल सुमारे १९ किलोंची होती. शिकागोला पोहोचल्यावर तिने ती सोडून पुरुषांची, जवळपास निम्म्या वजनाची सायकल घेतली. लेडीज फ्रेमबद्दलचा याहून स्पष्ट अभिप्राय दुसरा सापडणार नाही. १८९६ मध्ये मारिया वॉर्ड हिचे ‘बायसायक्लिंग फॉर लेडीज’ हे पुस्तक न्यूयॉर्कमध्ये निघाले. त्यात स्त्रिया आणि हत्यारे या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. पाने, स्क्रू आणि बेअरिंग यांच्याशी स्त्रीची ओळख असलीच पाहिजे, ही त्या पुस्तकाची भूमिका होती.

फ्रेम हाताने जोडण्याचे तंत्र याच काळात पक्के झाले. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १८९७ मध्ये टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा पोलादी नळीचे पेटंट घेतले. जोडापाशी ताकद लागते, मध्ये लागत नाही, हा त्यामागचा साधा हिशेब होता. १९३५ मध्ये आलेली त्यांची ‘५३१’ ही मिश्रपोलादाची नळी पुढे कित्येक दशके उत्तम फ्रेमची खूण मानली गेली. अशा नळीची जाडी टोकाला ०.८ आणि मध्ये ०.५ मिलिमीटर इतकी कमी असू शकते. म्हणून तिला जपून झाळावे, म्हणजे वितळलेल्या दुसऱ्या धातूने सांधावे लागते.

नळी मापाने कापल्यावर तिचे टोक अर्धगोल कानशीने घासतात, इतके की दुसऱ्या नळीच्या गोलाईवर ते फटीविना बसावे. जोडाची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करतात, तिच्यावर पांढरा फ्लक्स, म्हणजे तापताना धातूवर गंज चढू न देणारा लेप, लावतात, नळ्या ‘लग’ नावाच्या पोलादी खोबणीत बसवतात आणि सांगाडा साच्यात आवळतात. मग बत्तीची ज्योत सतत हलती ठेवून जोड तापवतात. फ्लक्स आधी फसफसतो, मग वितळून पाण्यासारखा नितळ होतो. पोलाद लालसर झाले की पितळेची किंवा चांदीमिश्रित कांडी टेकवायची. पोलाद सुमारे १५०० अंशांना वितळते, पितळ ९०० च्या आसपास, चांदीची कांडी ६०० ते ७०० अंशांना. म्हणून नळी शाबूत राहते आणि वितळलेला धातू बारीक फटीत आपोआप ओढला जातो. तो उष्णतेच्या मागे जातो, त्यामुळे ज्योत जिकडे न्यावी तिकडे तो वळतो. लगच्या कडेने बारीक चकचकीत रेघ सगळीकडे उमटली की जोड भरला. जास्त तापले तर पोलाद कमजोर होते, कमी तापले तर आत पोकळी राहते. शेवटी मागच्या आसापासून हँडलच्या नळीभोवती दोरी ताणून फ्रेम सरळ आहे का ते पाहतात. या कामाला दांडगाईपेक्षा नजर आणि हाताची स्थिरता लागते. तरी कारखान्यांत आणि छोट्या वर्कशॉपांत ते दीर्घकाळ पुरुषांचेच मानले गेले.

या चित्रात ठळक बदल केला तो जॉर्जिना टेरी हिने. ती मेकॅनिकल इंजिनिअर होती. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे घराच्या तळघरात ती फ्रेम झाळू लागली आणि १९८५ मध्ये तिने स्वतःची कंपनी काढली. ठेंगण्या चालकासाठी कारखाने फक्त सीटची नळी आखूड करत, हे तिने हेरले. सीट ते हँडल हे अंतर फारसे घटत नसे. ते घटवले तर मोठ्या पुढच्या चाकाला पायाचा चवडा लागे. परिणामी उंचीने लहान स्त्रिया पुढे ताणून बसत आणि मान, खांदे व मनगटे दुखवून घेत. टेरीने मागचे चाक नेहमीच्या मापाचे ठेवले आणि पुढचे २४ इंची केले. त्यामुळे फ्रेम पुढून आखूड करता आली, आणि वरचा दांडाही ठेवता आला. ‘स्त्रीचे पाय लांब, धड आखूड’ असे त्या काळी सर्रास मानले जाई. त्यावर पुढे बराच वाद झाला, आणि तो योग्यच आहे, कारण दोन स्त्रियांच्या बांध्यात प्रचंड फरक असू शकतो. हाताने बनवलेल्या फ्रेमचे खरे महत्त्व इथेच आहे. ती सरासरीसाठी नसून एका व्यक्तीसाठी असते. नळीची जाडीही चालवणारीच्या वजनानुसार निवडता येते. कारखान्याची फ्रेम वजनदार चालकालाही पेलेल अशी बनवतात, त्यामुळे पन्नास किलोंच्या स्त्रीला ती रस्त्यावर कडक लागते.

टेरीनंतर आणखी स्त्रिया या कामात आल्या. सायकलवरून पत्रे आणि पार्सले पोहोचवणारी नताली रॅम्सलंड अमेरिकेतील पोर्टलंडमध्ये ‘स्वीटपी’ या नावाने स्त्रियांसाठी फ्रेम बनवू लागली. लंडनची कॅरेन हार्टली दागिने आणि शिल्पाच्या धातुकामातून फ्रेमकडे वळली. ओरेगन राज्यातील अ‍ॅशलंडच्या युनायटेड बायसिकल इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांत फ्रेमबांधणी शिकवली जाऊ लागली, त्यामुळे एखाद्या उस्तादाच्या मर्जीवर शिक्षण अवलंबून राहिलेले नाही. तरी या व्यवसायात स्त्रिया अजून थोड्याच आहेत.

सायकल विकत घेणाऱ्या स्त्रीने दांडा आहे की नाही, एवढेच पाहून थांबू नये. सीटवर बसून कोपर किंचित वाकलेले ठेवून हँडल सहज धरता येते का ते पाहावे, आणि पायडल पुढे आणून हँडल वळवल्यावर चवडा चाकाला लागतो का तेही तपासावे.