जालना : एका ऐतिहासिक बाजारपेठेचा आढावा

प्रस्तावना :
मराठवाड्याच्या इतिहासलेखनात राजवटी, किल्ले आणि लढाया यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे बाजारपेठांना मिळालेले नाही. कुंडलिका नदीकाठी वसलेले जालना हे शहर 'जालना सोने का पालना' या लोकोक्तीने ओळखले जाते. या समृद्धीचा आधार कोणता होता, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राचीन पार्श्वभूमी :
या परिसरातील व्यापाराची परंपरा जालना शहरापेक्षाही जुनी आहे. जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. प्रतिष्ठान ते उज्जयिनी या मार्गावरील हे नगर सातवाहन काळात भरभराटीस आले होते. सांची आणि भारहुत येथील स्तूपांच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख सापडतात. १९७३ मधील उत्खननानेही या नगराच्या प्राचीन वैभवावर प्रकाश टाकला.

मध्ययुगीन पेठ :
मोगल काळात जालना ही संपन्न पेठ होती. नोव्हेंबर १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी ती लुटली. दिलेरखानाने विजापूरवर आणलेला दाब सैल करणे हा त्या मोहिमेमागील हेतू होता. मोगलांना शह देण्यासाठी ही पेठ निवडली जावी, यातच तिचे आर्थिक महत्त्व स्पष्ट होते. पुढे निजामाच्या राजवटीत १७२५ मध्ये येथे मस्तगड उभा राहिला. नदीपलीकडील कादराबाद हा भागही पेठ म्हणून वाढला. १८०३ च्या दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतले आणि त्याच महिन्यात, २३ सप्टेंबर रोजी, भोकरदनजवळ असईची लढाई झाली.

छावणी आणि रेल्वे :
१८२७ मध्ये येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी वसली. फौजेला धान्य, कापड, चारा आणि कर्ज यांची गरज असल्याने व्यापारी व सावकारांना कायमचे गिऱ्हाईक मिळाले. १९०३ मध्ये कंटिंजंटची स्वतंत्र व्यवस्था संपुष्टात आली आणि हा आधार सुटला. तथापि पेठ मोडली नाही. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग येथून सुरू झाला होता. काळ्या जमिनीतील कापूस सरकी काढून, गठ्ठे बांधून दूरच्या बाजारात पाठविणे त्यामुळे सुलभ झाले.

स्वातंत्र्योत्तर काळ :
१९४८ मध्ये निजामाची राजवट संपली. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. या कार्यासाठी त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. शेतमाल विकत घेणारी पेठ आता शेतकऱ्याला बियाणे पुरवू लागली. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. पोलाद उद्योगानेही शहराला नवी ओळख दिली.

निष्कर्ष :
राजसत्ता बदलल्या, फौज गेली, मालही बदलला. परंतु भोवतालच्या शेतीशी असलेले नाते या पेठेने टिकविले. म्हणूनच अवर्षण आले की शेतकऱ्याबरोबर व्यापारीही अडचणीत येतो. लोकोक्तीतील 'सोने' वस्तुतः शिवारात पिकत होते. मात्र त्यातील किती वाटा पिकविणाऱ्याच्या पदरात पडला, हा प्रश्न त्या लोकोक्तीत नाही. त्याचे उत्तर मिळविण्यासाठी जुन्या अडत दुकानांतील व सावकारी पेढ्यांतील चोपड्या आणि खातेवह्या वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडण्यापूर्वी जतन करणे अगत्याचे आहे. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे कार्य हाती घेतल्यास बाजारपेठेचा इतिहास शेतकऱ्याच्या बाजूनेही लिहिता येईल.