सुवर्णदुर्गाची पाण्याकडील बाजू

महाराष्ट्राचा इतिहास बहुतांशी घोड्याच्या पाठीवरून लिहिला गेला आहे. बखरकार घाटमाथ्यावर बसून कोकणाकडे पाहतो. त्याच्या दृष्टीने घाट उतरणारी वाट समुद्राच्या काठी संपते, आणि तेथे उभे असलेले किल्ले म्हणजे राज्याच्या शेवटच्या कुंपणाचे खांब होत. ही दृष्टी खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. ती अर्धी आहे, एवढेच. किनाऱ्यावरील माणसास समुद्र ही हद्द कधी वाटलीच नाही. तो त्याचा हमरस्ता होता. कोकणचा किनारा पाहिला तर याचे कारण सहज ध्यानात येते. सह्याद्रीच्या सोंडा थेट पाण्यापर्यंत उतरल्या आहेत आणि दर काही कोसांवर एखादी खाडी आत शिरून जमिनीची वाट तोडीत आहे. शेजारच्या बंदरी जमिनीवरून जावयाचे तर डोंगर चढा, उतरा, तर गाठा, पुन्हा चढा. आणि पाण्यावरून जावयाचे तर वारा अनुकूल होईतो थांबा, एवढेच काम. मीठ, नारळ, लाकूड, भात आणि मुंबईस पोट भरावयास निघालेली माणसे, ही सारी पिढ्यान्‌पिढ्या याच रस्त्याने गेली. आधी शिडाच्या गलबतांतून आणि मागाहून आगबोटींतून.

ही गोष्ट पुस्तकात वाचणे निराळे आणि होडीत बसून पाहणे निराळे. उन्हाळ्याच्या सुटीत नौकाविहारास निघणारी मंडळी उत्तरेकडे नैनितालच्या वा काश्मीरच्या सरोवरांची वाट धरतात. आम्हां पाच मित्रांस तेवढा खर्च परवडण्याजोगा नव्हता, आणि खरे सांगावयाचे तर तेवढी हौसही नव्हती. म्हणून वैशाखाच्या आरंभी आम्ही बुरोंडीहून होडीने सुवर्णदुर्ग पाहून येण्याचा बेत केला. या लेखात त्या सहलीचे वर्णन थोडे आणि तिने सुचविलेला विचार अधिक, असे प्रमाण पडले तर वाचकांनी क्षमा करावी.

बुरोंडी हे दापोली तालुक्यातील मासेमारीवर जगणारे गाव. उत्तरेस लाडघर, दक्षिणेस कोळथरे. अलीकडे तेथील डोंगरावर परशुरामाची भव्य मूर्ती उभारल्यामुळे प्रवासी तेथे थांबू लागले आहेत. परंतु मोठ्या इतिहासग्रंथांत हे नाव शोधूनही सहसा सापडावयाचे नाही. आम्ही मात्र त्याची निवड हेतुतः केली. उत्तरेस हर्णै आणि सुवर्णदुर्ग, दक्षिणेस दाभोळ. या दोन नामांकित स्थळांच्या मधल्या पाण्यावर हे गाव आहे, आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्या प्रत्येक आरमारास याच्यासमोरूनच जावे लागे.

दाभोळचे वैभव आज कोणास सांगून खरे वाटणार नाही. बहामनी राज्याचे ते मोठे बंदर. पंधराव्या शतकात हिंदुस्थान पाहून परत निघालेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन येथूनच होर्मुझच्या वाटेस लागला. ज्या बंदरी अरबी घोडे उतरत आणि जेथून दख्खनचे कापड बाहेर जाई, ते बंदर डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडा याने थोड्या दिवसांत लुटून जाळले. जमिनीवर त्या राज्याची फौज काही थोडी नव्हती. पण ती फौज पाण्यावर जाऊ शकत नव्हती. किनाऱ्याच्या इतिहासातला हा पहिला धडा. तो पुढे कोणी गिरविला आणि कोणी विसरले, हाच आमचा आजचा विषय आहे.

पहाटे आमचे तांडेलमामा घाई करू लागले. "मतलई आहे तोवर हर्णै गाठू, येताना खारा वारा पाठीशी असेल," असे ते म्हणाले. होडीला यंत्र होते. वाऱ्याची एवढी पर्वा कशास, असे आमच्यातील एकाने विचारले. त्यावर मामा नुसते हसले. रात्री जमीन निवते आणि पहाटे तिच्यावरून समुद्राकडे वारा वाहतो, तो मतलई; दिवस चढला की जमीन तापते आणि समुद्रावरून खारा वारा उलट येतो. उन्हाळ्यात दुपारचा हा वारा बहुधा वायव्येकडून येतो व दक्षिणेस जाणाऱ्यास साह्य करतो. यंत्राच्या होडीतही लाट अंगावर घ्यावयाची की पाठीवर, हा प्रश्न सुटत नाही. शिडांच्या काळी तर सारी लढाई या प्रश्नावर ठरे. एखाद्या मोहिमेचे वर्णन वाचताना आम्ही तोफा मोजतो. वारा कोणत्या दिशेचा होता, हे मोजावयाचे आमच्या कधी मनातही येत नाही.

लाडघरची तांबूस वाळू, मग कर्दे, मग मुरूडची माडांची रांग, असा किनारा उजव्या हाताने सरकत गेला. आमच्यातील एका मित्रास लाटांनी इतके बेजार केले की त्याने इतिहासाविषयीचे आपले सर्व मतभेद त्या दिवसापुरते मागे घेतले. सूर्य वर आला तेव्हा सुवर्णदुर्ग समोर दिसू लागला.

जमिनीवरून पाहिले असता हा किल्ला किनाऱ्यापासून तुटलेला एक तुकडा दिसतो. पाण्यावरून पाहिले की चित्र पालटते. हर्णैच्या बाजूस कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा हे तीन लहान किल्ले, समोर बेटावर सुवर्णदुर्ग, आणि मध्ये वाऱ्यापासून बराचसा झाकलेला पाण्याचा पट्टा. चारही किल्ले त्या पाण्याभोवती बसविले आहेत. राखावयाची होती ती जमीन नव्हे, तर त्या पाण्यात नांगर टाकून उभी राहणारी गलबते. किल्ल्याचा दरवाजाही समुद्राकडे नसून पूर्वेस, या आतल्या पाण्याकडे आहे. त्याच्या पायरीवर कासव आणि तटावर मारुती कोरला आहे. समुद्राकडील तट मात्र कित्येक ठिकाणी मूळ कातळच तासून केलेला आहे. शिवाजी महाराजांच्या काळी हा दुर्ग स्वराज्यात आला आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. अल्मेड्याने दिलेला धडा ज्यांनी गिरविला, ते हे.

आता १७५५ सालाकडे वळू. कान्होजी १७२९ साली वारले. त्यांच्यामागे घरात भाऊबंदकी माजली आणि दक्षिणेकडील किल्ले व आरमार तुळाजीच्या हाती आले. तुळाजी पेशव्यांची सत्ता जुमानीत नव्हता व शेजारच्या मुलखासही त्याचा उपद्रव होता. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी मुंबईच्या इंग्रजांशी करार करून त्याच्यावर मोहीम काढली. समुद्रावरील मोहिमेची सूत्रे इंग्रजांकडे राहावीत, असे त्या करारात ठरले. मार्च महिन्यात कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला. त्याच्यापाशी ४४ तोफांचे 'प्रोटेक्टर', १६ तोफांचे 'स्वॅलो' आणि बाँब फेकणारी दोन लहान गलबते होती. पेशव्यांच्या गुराबा व गलबते त्यास वाटेत मिळाली.

पुढील हकीकत इंग्रज इतिहासकार ऑर्म याने दिली आहे. शत्रू येत आहे हे कळताच आंग्र्यांचे आरमार सुवर्णदुर्गाचा आसरा सोडून दक्षिणेकडे पळाले. जेम्सने जयगडपर्यंत पाठलाग केला. वारा मंद होता. आंग्र्यांच्या खलाशांनी ओझे हलके करण्यासाठी सामान समुद्रात लोटले आणि शिडे कमी पडली तेव्हा अंगावरची वस्त्रे व डोईची पागोटीदेखील वाऱ्यावर पसरली. एरवी इंग्रजी जहाजांपेक्षा चपळ असणारी पेशव्यांची गलबते त्या दिवशी मात्र मागे पडली, असेही तो नोंदवितो. ही धावती लढाई ज्या पाण्यावरून गेली, त्याच पाण्यावरून आम्ही त्या सकाळी आलो होतो. बुरोंडीच्या पुळणीवर त्या दिवशी कोणी कोळी जाळे वाळवीत उभा असेल तर त्याने काय पाहिले असेल? एकाच भाषेत ओरडणारे, एकाच घडणीच्या नावांवर बसलेले खलाशी एकमेकांचा पाठलाग करीत आहेत, आणि सर्वांच्या पुढे परक्याचे जहाज आहे! पेशव्यांची गलबते मागे का पडली, हे त्याला कदाचित आमच्या इतिहासकारांहून लवकर उमगले असते.

जेम्स परत फिरला आणि २ एप्रिल रोजी त्याने समुद्राच्या बाजूने किल्ल्यावर मारा सुरू केला. त्या कातळावर गोळे फुकट जात होते. रात्री किल्ल्यातून फुटून आलेल्या एका माणसाने ते त्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने जहाजे आतल्या पाण्यात आणली. म्हणजे ज्या पाण्याच्या रक्षणासाठी चारही किल्ले बांधले, त्याच पाण्यातून त्याने मारा केला. आंग्र्यांचे आरमार तेथे असते तर हे साधले नसते. बाँब पडून आत आग लागली, दारूगोळा उडाला आणि काठावरील किल्ल्यांनी निशाणे उतरविली. गोवा किल्ल्याचा किल्लेदार तेवढा रातोरात निवडक माणसांसह बेटावर गेला व दाभोळहून कुमक येईल या आशेवर झुंजत राहिला. कुमक आली नाही. शेवटी इंग्रज खलाशांनी कुऱ्हाडींनी दरवाजा फोडला. दोन दिवसांत सारा कारभार आटोपला. पुढल्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर चाल केली, तेव्हा तेथील खाडीत आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत पडला तो पुन्हा सुटला नाही.

या प्रकरणी नानासाहेबांस सरसकट दोष देण्याची रीत पडली आहे. आम्ही त्या रीतीचे नाही. ज्या सरदाराने मुख्य सत्तेस जुमानले नाही त्याचे पारिपत्य करणे, हा कोणत्याही राज्यकर्त्याचा धर्मच आहे. करारान्वये सुवर्णदुर्ग पेशव्यांस मिळालाही. प्रश्न तुळाजीस शासन करावे की नाही हा नव्हता. ते कोणाच्या हातून करवावे, हा होता. घाटावरून पाहणाऱ्यास किल्ला म्हणजे तट, बुरूज आणि तोफा. तो हाती आला की काम झाले. परंतु समुद्रावर किल्ल्याचे बळ त्याच्या दगडांत नसते; त्याच्या आश्रयाने फिरणाऱ्या गलबतांत आणि ती चालविणाऱ्या माणसांच्या विद्येत असते. पेशव्यांनी दगड मिळविले. आंग्र्यांचे गलबत आणि विद्या मात्र त्या आगीत गेली. पेशव्यांचे स्वतःचे आरमार पुढेही होते, पण इंग्रजांस धाक वाटावा असे सामर्थ्य त्यास पुन्हा आले नाही.

याचा पुरावा त्याच किल्ल्याने दिला. १८०२ साली होळकरांनी पुण्याजवळ पराभव केला, तेव्हा दुसरा बाजीराव महाडवरून सुवर्णदुर्गाच्या आश्रयास आला. बेटावरचा किल्ला त्याचा होता, तट शाबूत होते. पण तेथून पुढे जावयास इंग्रजांनी दिलेल्या जहाजात पाय ठेवावा लागला. त्या जहाजाने त्यास वसईच्या वाटेस लावले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. नानासाहेबांनी जो किल्ला घेण्यासाठी इंग्रजांचे जहाज बोलाविले, त्याच किल्ल्यातून त्यांच्या पुतण्यास इंग्रजांच्याच जहाजाने जावे लागले. मध्ये सत्तेचाळीस वर्षे लोटली होती.

इंग्रजांनी मात्र या विजयाचे मोल ओळखले होते. जेम्स १७८३ साली वारल्यावर त्याच्या पत्नीने लंडनजवळ शूटर्स हिल येथे त्याच्या स्मरणार्थ एक त्रिकोणी मनोरा १७८४ साली बांधविला. तो आजही उभा आहे आणि त्याचे नाव 'सेव्हर्नड्रूग', म्हणजे आमचा सुवर्णदुर्गच.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत सुवर्णदुर्ग आहे. याचा आम्हांस आनंदच आहे. आता तटाची डागडुजी होईल, झाडोरा निघेल, पाट्या लागतील. परंतु ज्या विद्येने हा किल्ला जिवंत होता तिची डागडुजी कोण करणार? परतताना खारा वारा खरोखरच पाठीशी आला आणि मामांनी यंत्र मंद केले. पाण्याखालचे खडक, खाडीच्या मुखाशी सरकणारी वाळू, तिथीवरून भरतीची वेळ, ढगावरून वाऱ्याचा अंदाज, हे सारे ते बोलता बोलता सांगत होते. त्यातील एकही गोष्ट आम्ही कोठे लिहिलेली वाचली नव्हती. त्यांची मुले मुंबईस नोकरीत आहेत. किल्ल्यांची मोजमापे घेणाऱ्या आमच्या संशोधकांनी एखादा उन्हाळा अशा तांडेलांच्या शेजारी बसून त्यांचे शब्द, त्यांचे वारे आणि त्यांच्या वाटा उतरवून घेण्यात घालविला, तर आंग्र्यांच्या इतिहासाची कित्येक कोरी पाने भरून निघतील. हे काम बेटावर उतरून होणारे नाही. त्यासाठी होडीतच बसावे लागेल, आणि तेही लवकर.