खारकोव्हहून सुटलेली मालगाडी

चौथा नट हलायचं नाव घेत नाही. रॉकेल ओतून झालं, स्पॅनरला हातभर पाइप लावून दोघांनी लोंबकळून झालं. मागे उभा असलेला म्हातारा फोरमन सारखा वर छताकडे बघतोय. काचा काळ्या रंगवल्या आहेत, तरी विमानाचा आवाज काही काळ्या रंगाने अडत नाही.

“छिनी घे,” तो म्हणतो. “नट वाचवायला वेळ नाही. लेथ वाचव.”

ऑक्टोबर 1941, खारकोव्ह, कारखाना नंबर 183. तुम्हाला रशियन कळतं आणि हातोडा धरता येतो, एवढं आपण गृहीत धरू. बाकीचं इथली माणसं शिकवतील, शिव्यांसकट. इथे पूर्वी रेल्वेची इंजिनं बनायची, आता टी-34 रणगाडे बनतात. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत बनत होते. सप्टेंबरच्या मध्यावर हुकूम आला की सगळा कारखाना उचलून उरलपलीकडे निझ्नी तागिलला न्यायचा. रुळांवरून हे अंतर दोन हजार किलोमीटरहून जास्त. तेव्हापासून गाड्या सुटताहेत आणि जर्मन फौज जवळ येतेय.

छिनीखाली नट फुटतो. डिप-200 जातीचा हा लेथ दोन-एक टनांचा आहे, इथल्या मानाने चिल्लर. क्रेनची आशा धरू नका. क्रेन त्या उभ्या, थोराड कॅरुसेल लेथकडे गेली आहे. रणगाड्याचा बुरूज ज्या कड्यावर फिरतो, ते जवळजवळ दीड मीटर व्यासाचं कडं त्याच्यावरच कातलं जातं. तो मागे राहिला तर बाकीची शंभर यंत्रं तिकडे पोचूनही रणगाडा पुरा होणार नाही. तुमच्या वाट्याला एक जॅक, दोन पहारी, पाइपचे तुकडे आणि चार माणसं.

मोटर सोडवून बाजूला. चक काढून फळीवर. टेलस्टॉक बेडवरून सरकवत खाली. बेडच्या घासलेल्या, आरशासारख्या पट्ट्यांवर ग्रीसचा जाड थर, वर तेलकट कागद, त्यावर सुतळी. सुट्या भागांवर रंगाने लेथचा नंबर. आटे कापायला लागणारे चेंज गिअर वेगळ्या पेटीत, पेटीवर तोच नंबर. मग जॅकने एक टोक चार बोटं वर, खाली स्लीपर, दुसरं टोक वर, खाली पाइप. पहार टाकायची, “हं!” म्हणायचं, हातभर सरकायचं. मागचा पाइप मोकळा झाला की उचलून पुढे आणून घालायचा. शेडच्या दारापर्यंत पोचता पोचता कमरेचं पार भजं होतं.

फलाटावर भांडण लागलंय. एका वाघिणीत यंत्रं नाहीतच. तिच्यात अर्धवट तयार सुटे भाग भरताहेत: कातलेले आणि न कातलेले, चाकं, गिअर, पट्ट्यांच्या कड्या. एक तरुण इंजिनिअर ओरडतोय की यंत्रं पावसात भिजताहेत आणि तुम्ही भंगार काय भरताय. फोरमन त्याच्याकडे न बघता पुढची पेटी वर सरकवायला सांगतो. तुम्हालाही मनातून त्या पोराचंच पटतं. पटू द्या.

गाडी सुटते. उघड्या वाघिणींवर लोखंड, बंद डब्यांत माणसं, डब्याच्या मध्यभागी पत्र्याची शेगडी. प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण तो बहुतेक थांबण्यातच जातो. समोरून सैन्याच्या गाड्या पश्चिमेकडे जाताहेत, त्यांना आधी वाट. तुमची गाडी कुठल्याशा बाजूच्या रुळावर दिवस दिवस पडून. तिथे आधीपासून यंत्रं उतरवून ठेवलेली दिसतात, बर्फाच्या ढिगातून नुसती हँडलं वर आलेली. कुठल्या कारखान्याची, सांगायला जवळपास माणूस नाही. 24 ऑक्टोबरला खारकोव्ह पडल्याची बातमी अशाच एका थांब्यावर कळते. शेगडीभोवती कुणी काही बोलत नाही. ज्यांची घरची माणसं मागे राहिली, ते खाली उतरून वाघिणीचे दोर तपासत बसतात. एका रात्री डब्यांची जुळवाजुळव होते आणि सकाळी मोजणी केली तर दोन वाघिणी कमी.

निझ्नी तागिल. ज्या कारखान्यात तुम्ही येऊन पडलात, तो रेल्वेच्या वाघिणी बनवणारा, 1936 साली सुरू झालेला. शेड ऐसपैस आहेत, म्हणूनच तर ही जागा निवडली. थंडी मात्र अशी की उघड्या हाताने लोखंडाला शिवलात तर कातडी तिथेच राहील. वाघिणीवरून लेथ उतरवायला स्लीपरचा उतार रचायचा, दोर मागे खांबाला गुंडाळून हळूहळू ढिला सोडायचा. जोराने आपटला तर संपलंच. बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते वाकत नाही, तडकतं. तडा डोळ्यांना दिसेलच असं नाही, म्हणून फोरमन प्रत्येक सुट्या गिअरला बोटाने टांगून छोट्या हातोडीने टिचकी मारतो आणि कान लावतो, बाजारात मडकं वाजवून घ्यावं तसा. खणखणला की ठेव, बद्द वाजला की बाजूला.

थंडगार बेड आत आणला की त्याला घाम फुटतो. हवेतलं पाणी त्याच्यावर जमतं, आणि ग्रीस जिथे खरवडलं गेलंय तिथे पाहता पाहता तांबूस डाग उमटतात. चिंधी घ्या, पुसत राहा. गिअरबॉक्समधलं तेल गोठून लाख झालंय, ते पातळ होईपर्यंत मोटर लावायची नाही.

आणि मग लेव्हल. काँक्रीटचा पाया ओतायचा तर ते सुकेपर्यंत युद्ध थांबणार नाही, म्हणून जाड लाकडी तुळयांवरच बोल्ट. बेडवर आडवी लेव्हल ठेवायची, बुडबुडा बघायचा, पायाखाली कागदाएवढा पातळ पत्रा सरकवायचा, बोल्ट आवळायचा. या कोपऱ्यात बुडबुडा मध्ये आला की समोरच्या कोपऱ्यात पळतो. दोन टनांचं लोखंड कसलं पिळतंय, असं वाटतं. पण पिळतं, आणि मग सरळ कातायला घेतलेली दांडी एका टोकाला बारीक निघते. अर्धा दिवस तुम्ही पोटावर पडून पत्रे बदलता. माझ्या मते या सगळ्या स्थलांतरातलं सर्वांत अवघड काम हेच, आणि आकडेवारीत ते कुठेच येत नाही. जुलै ते नोव्हेंबर 1941 या काळात 1,523 कारखाने पूर्वेकडे हलवले, असं सोव्हिएत इतिहास सांगतो. हलवले म्हणजे पोचले, आणि पोचले म्हणजे चालू झाले, असं समजायची घाई करू नये.

तुमचा लेथ चालू होतो. पहिली चिप निळसर वळत खाली पडते. मग पेट्या मोजताना कळतं की चेंज गिअरची पेटी नाही. ती त्या दोन हरवलेल्या वाघिणींपैकी एकीत होती. दांड्या कातता येतील, आटे पाडता येणार नाहीत.

डिसेंबर संपता संपता शेडच्या दुसऱ्या टोकाहून 25 रणगाडे बाहेर पडतात. तागिलमध्ये जुळवलेले हे पहिले टी-34. तुमच्या लेथचा त्यात काडीचा वाटा नाही. आजूबाजूची बरीच यंत्रं अजून पोटावर पडलेल्या माणसांच्या हवाली आहेत. हे रणगाडे जुळले ते खारकोव्हहून आणलेल्या सुट्या भागांतून, फलाटावर ज्यांना भंगार म्हटलं होतं तशाच. यंत्र तिकडून इकडे आलं की मध्ये काही आठवडे ते नुसतं वजन असतं. अर्धवट झालेलं काम मात्र कुठेही उतरवा, उरलेलं तिथे पुरं करता येतं. फलाटावर ओरडणारा तो इंजिनिअर आता जुळणीवर आहे. त्याला ती आठवण करून द्यायला कुणाला फुरसत नाही.

“पेटी मिळाली?” फोरमन विचारतो.

“नंबर आपलाच होता, काका. उघडली तर दुसऱ्याच कारखान्याचे ड्रिल निघाले.”

“मग ठेवून घे ते ड्रिल, कुणी मागायला येईपर्यंत.” तो पलीकडच्या, तुमच्याच जातीच्या लेथकडे बोट दाखवतो. “त्याचे गिअर उतरव. दात मोज, व्यास घे, खडूने फळीवर लिही. मिलिंगवाला रात्री दोनला मोकळा होतो. त्याच्याआधी लोखंडाचे तुकडे कातून तयार ठेव, नाहीतर तो दुसऱ्याचं काम लावेल.”