गल्ली संपते तिथे बांध होता

रस्ते सरकार बांधतं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमच्या रहाटणीत वर्षभर राहिलं की ती जाते. इथे बऱ्याच रस्त्यांची आखणी बैलगाडीने केली आणि उरलेल्यांची भाऊबंदकीने.

इतिहास थोडक्यात असा. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना आला, १९६२ साली एमआयडीसी, १९७० साली नगरपालिका, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ साली महानगरपालिका. प्राधिकरणाने निगडीकडे सेक्टर पाडून सरळ रस्ते आखले. पण पाळीवरून सुटलेल्या कामगाराला सेक्टर नको होता, खोली हवी होती. ती त्याला गुंठ्यात परवडली.

गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, एकरात ४०. मालक पट्ट्याच्या मधोमध गाडीवाट सोडी आणि दोन्ही अंगांना गुंठे विकी. वाट शेवटी बांधाला धडके. बांधापलीकडे चुलतभाऊ. त्याच्याशी बोलणं बंद, सबब वाटही बंद! पुढे ऊस गेला, बैल गेले, चुलतभाऊही एका पंगतीला बसले. गल्ली मात्र अजून तिथेच संपते. बँकेत कर्जाच्या अर्जावर ‘गिरणीमागे, शेवटचं घर’ असा पत्ता आला, की आम्ही ओळखतो, इथे बांध होता.

शहराची जोडणी मोजणारे पंडित चौकाला फाटे किती आणि आंधळ्या गल्ल्या किती, हे मोजतात. न्यूयॉर्कने १८११ साली आधी रेघा मारल्या, मग घरं बांधली. आपण आधी घरं बांधली. त्यामुळे रेघ मारली की ती कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून जाते. विकास आराखड्यातला रिंग रोड असाच कागदावर निवांत पडला होता. २०१७ साली तो जमिनीवर उतरू लागला, तेव्हा रहाटणी, काळेवाडी, थेरगावची माणसं घर वाचवायला रस्त्यावर आली. २००१ चा गुंठेवारी कायदा घर नियमित करू शकतो. गल्ली रुंद करू शकत नाही. ओव्हरटाइम करकरून उभारलेली खोली वाचावी आणि आजारी म्हाताऱ्यासाठी अॅम्ब्युलन्सही दाराशी यावी, या दोन्ही मागण्या एकाच घरातल्या असतात.

२००१ साली शहरात १० लाख माणसं होती, २०११ साली १७ लाख. आता टॉवर आलेत. शेजारच्या सोसायटीत साखर मागायला जायचं तर मोठ्या रस्त्याने वळसा; मध्ये भिंत, भिंतीवर काचा, फाटकाशी वॉचमन.

जुन्या बांधावरून निदान उडी मारता येत होती.