डुव्हेवरचा १३.५ हा आकडा आला कुठून?

सप्टेंबरात पीएचडीसाठी इंग्लंडला पोचलात की पहिल्याच आठवड्यात एक खरेदी करावी लागते: डुव्हे. म्हणजे पिसं किंवा पॉलिएस्टरचे तंतू भरलेली फुगीर दुलई. वर खोळ घालायची, खोळ धुवायची, आत वेगळी चादर पांघरायची नाही. दुकानात प्रत्येक पाकिटावर ठळक अक्षरात आकडा असतो: ४.५ टॉग, १०.५ टॉग, १३.५ टॉग. आपल्याकडून गेलेला विद्यार्थी थंडीच्या धास्तीने १३.५ उचलतो आणि हीटर लावलेल्या होस्टेलच्या खोलीत मध्यरात्री घामाघूम होऊन उठतो.

या टॉगचा इतिहास तुम्हाला माहीत असावा असं मला वाटतं. झोपेसाठी तर आहेच, पण 'ऊब' ही नुसती जाणवणारी गोष्ट. तिचा आकडा कसा झाला आणि होताना काय काय बाहेर राहिलं, हे कुठल्याही विषयात मोजमाप करणाऱ्याने एकदा बघून ठेवावं.

आकडा नव्हता तेव्हा काय होतं? जाहिरात होती. १७५९च्या जानेवारीत सॅम्युअल जॉन्सनने जाहिरातींची खिल्ली उडवणारा एक लेख लिहिला. त्यात पिसांच्या डुव्हेची एक जाहिरात येते. तिचा दावा असा की हा माल चार-पाच ब्लँकेटांपेक्षा ऊबदार आणि एका ब्लँकेटपेक्षा हलका आहे. जॉन्सन हसला, पण दाव्यात तथ्य होतं. अडचण एवढीच की तपासायचं कसं, हे तेव्हा कुणालाच सांगता आलं नसतं. त्याच्याही आधी, १६९०च्या दशकात, हॅम्बुर्गमधला इंग्रज प्रतिनिधी पॉल रायकॉट मायदेशी मित्रांना आयडर बदकाची पिसं पाठवत होता. सोबत सूचना होती: शिवताना उंच फुगवटा ठेवा, चौकोन मोठे ठेवा, नाहीतर ऊब येणार नाही. म्हणजे अनुभवाने त्याला बरोबर कळलं होतं. 'का' ते मात्र कळलं नव्हतं.

'का'पर्यंत पोचला काउंट रम्फर्ड. तोफा कोरताना निघणाऱ्या उष्णतेवरून उष्णता हा पदार्थ नाही असं म्हणणारा, तोच तुमच्या पाठ्यपुस्तकातला रम्फर्ड. बव्हेरियाच्या चाकरीत असताना सैन्याच्या कपड्यांचा प्रश्न त्याच्यासमोर आला. त्याने काय केलं बघा. काचेच्या मोठ्या गोळ्याच्या मधोमध थर्मामीटरचा फुगा अडकवला आणि भोवतीच्या पोकळीत १६ ग्रेन, म्हणजे जेमतेम एक ग्रॅम, पदार्थ सारखा पसरून भरला. सगळं उकळत्या पाण्यात तापवलं, मग बर्फाच्या पाण्यात बुडवलं, आणि पारा रोमर मापाच्या ७० अंशांवरून १० अंशांवर यायला किती सेकंद लागतात ते मोजलं. नुसती हवा असताना ५७६ सेकंद. कापूस १०४६, मेंढीची लोकर १११८, आयडरची पिसं १३०५, सशाची लव १३१५. हे काम १७९२ साली छापून आलं.

पण मला त्यातली सगळ्यात आवडणारी जोडी रेशमाची आहे. कच्चं मोकळं रेशीम १२८४ सेकंद, आणि तेच रेशीम पीळ देऊन शिवणाचा दोरा केलेलं, ९१७. पदार्थ तोच, वजन तेच. फरक फक्त किती हवा किती बारीक कप्प्यांत अडकली आहे याचा. एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, असं आपल्याला पहिल्या सेमिस्टरला शिकवतात; त्याचा इतका स्वच्छ नमुना क्वचित मिळतो. (हवा स्वतः उष्णता वाहून नेतच नाही, असा टोकाचा निष्कर्षही रम्फर्डने काढला. तो चुकला. पण अडकलेली, फिरू न शकणारी हवाच ऊब देते, हे खरं ठरलं.)

यानंतरचा टप्पा दुसऱ्या महायुद्धातला. १९४१ साली गॅगी, बर्टन आणि बॅझेट या तिघांनी 'क्लो' हे एकक मांडलं. व्याख्या अशी: २१ अंशांची खोली, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत, हवा जेमतेम हलती, आणि आत निवांत बसलेला माणूस. त्याला बरं वाटायला जेवढं आवरण लागेल ते एक क्लो. पावसाळ्यात रत्नागिरीत असली खोली शोधून दाखवा! गंमत सोडा, पण एककाच्या आत एक विशिष्ट खोली आणि विशिष्ट माणूस बसलेला आहे, हे ध्यानात घ्या.

टॉग आला मँचेस्टरहून. तिथल्या डिड्सबरी भागात शर्ली इन्स्टिट्यूट ही ब्रिटिश कापूस उद्योगाची संशोधनसंस्था होती. तिथल्या पियर्स आणि रीस यांनी १९४६ साली हे एकक सुचवलं. कपड्यांना बोलीत 'टॉग्ज' म्हणतात, त्यावरून नाव. हाच पियर्स १९२६ साली सुताच्या ताकदीवर लिहिताना 'सर्वांत कच्चा दुवा' ही कल्पना गणितात घेऊन आला होता. संख्याशास्त्रवाल्यांना तो तिथे भेटतो. टॉगमध्ये माणूस नाही, खोलीही नाही. तापवलेली सपाट तबकडी, वर कापड, आणि किती उष्णता पार गेली त्याचं माप. दोन्ही बाजूंत १ अंशाचा फरक असताना चौरस मीटरमागे १० वॉट पार गेले, तर तो १ टॉग. हलक्या उन्हाळी सुटाची ऊब साधारण तेवढीच. एक क्लो म्हणजे १.५५ टॉग.

आता जरा ढोबळ गणित करू. झोपलेलं शरीर चौरस मीटरमागे सुमारे ४० वॉट उष्णता तयार करतं. श्वास आणि घामावाटे काही जाते, उरलेली ३० पांघरुणातून जायला हवी असं धरा. त्वचा ३४ अंश, खोली २०. फरक १४, भागिले ३०, म्हणजे ०.४७. टॉगमध्ये ४.७, आणि तेही अंगातले कपडे आणि भोवतीचा हवेचा थर धरून! याच हिशोबाने नुसता १३.५ टॉग उणे ६ अंशांच्या खोलीला पुरायला हवा. प्रत्यक्षात पुरत नाही. कारण तबकडी कूस बदलत नाही, तिचं डोकं बाहेर नसतं, कडेने गार हवा आत शिरत नाही, आणि पिसं तिच्याखाली दबत नाहीत. सगळा घोळ या फरकात आहे. आकडा खोटा नाही, पण तो कापडाचा आहे, तुमच्या रात्रीचा नाही.

मग घ्यायचं काय? आधी खोली रात्री किती अंशांवर असते ते बघा. हीटर रात्रभर चालत असेल तर ४.५ पासून सुरुवात करा. नंतर ९ टॉगचा आणखी एक जोडला की १३.५ होतात. रोध एकामागोमाग असले की बेरीज होते, इलेक्ट्रिक सर्किटसारखंच. दुकानात दोन भागांची जोडदुलई मिळते ती याच तत्त्वावर. शिवण बघा. आरपार शिवलेली असेल तर टाक्यावर जाडी शून्य, आणि तिथून ऊब निसटते. रायकॉटचे उंच चौकोन आजही बरोबर आहेत.

आणि आईने बॅगेत कोंबलेली गोधडी? धावदोऱ्याने दाबून शिवलेले जुन्या साड्यांचे थर, त्यामुळे आत हवा थोडी. वजनाच्या मानाने ऊब कमीच. 'जड म्हणजे ऊबदार' हा आपल्याकडचा पक्का समज, पण रम्फर्डच्या रेशमाने तो तेव्हाच मोडीत काढला आहे. तरी गोधडी वापरा, फक्त डुव्हेच्या खाली, अंगालगत. वर टाकलीत तर पिसं दबतील आणि ज्या हवेचे पैसे मोजलेत तीच बाहेर जाईल.

ब्रिटनमध्येही हे पांघरूण तसं उशिराच घरोघरी गेलं. टेरेन्स कॉनरनने १९६४ साली लंडनच्या फुलम रोडवर हॅबिटॅट हे दुकान काढलं आणि स्वीडनमध्ये पाहिलेला डुव्हे तिथे विकायला ठेवला. विक्रीचा मुद्दा ऊब नव्हताच. चादर, ब्लँकेटं, पलंगपोस खोचत बसायला नको, दहा सेकंदांत पलंग आवरून होतो, हा होता.

एक प्रश्न राहतो. एकाच पलंगावर दोघं, एकाला उकडतं, दुसऱ्याला थंडी वाजते. तबकडीवर याचं उत्तर मिळत नाही. जर्मनीत आणि स्कँडिनेव्हियात मात्र ते केव्हाच काढलेलं आहे: पलंग एक, डुव्हे दोन.